मराठीतून थेट पोर्तुगीज: प्रस्तावना

1855 साली पॅरिसमध्ये पोर्तुगीज विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचं एक पुस्तक छापलं गेलं. त्यावर जुझे द फोन्सेका आणि पेद्रू कारोलिनु अशी दोन नावं होती. फोन्सेकांनी पूर्वी पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणाचं पुस्तक केलं होतं. कारोलिनुंना मात्र इंग्रजी येत नसावं. त्यांनी फोन्सेकांच्या पुस्तकातला फ्रेंच मजकूर समोर ठेवला आणि फ्रेंच-इंग्रजी कोश उघडून शब्दाला शब्द लावत गेले, असा अभ्यासकांचा कयास आहे. जे इंग्रजी तयार झालं ते इतकं अफलातून होतं की 1883च्या अमेरिकी आवृत्तीला मार्क ट्वेनने प्रस्तावना लिहिली. विनोदी वाङ्मय म्हणून ते पुस्तक आजही वाचलं जातं.

कारोलिनुंना हसायला काय जातं? पण लिस्बनचं किंवा साओ पावलोचं तिकीट काढून पोर्तुगीज शिकायला बसणारा मराठी माणूस हेच करत असतो. बाजारात मिळणारी स्वयंशिक्षणाची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि इंग्रजी डोक्यांसाठी लिहिलेली आहेत. टेबल स्त्रीलिंगी कसं असू शकतं, विशेषण नामाप्रमाणे का बदलतं, कर्ता न बोलता वाक्य कसं होतं, हे समजावण्यात ती पानंच्या पानं खर्ची घालतात. ‘बोलतो’ आणि ‘बोलतोस’ यांतला फरक ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याने ती पानं वाचून वेळ का घालवावा? उलट आपण जिथे हमखास अडखळतो, तिथे ही पुस्तकं गप्प असतात, कारण इंग्रज माणूस तिथे अडखळत नाही. प्रस्तुत पुस्तक मराठीतून थेट पोर्तुगीजमध्ये उतरतं. ते चाळायला घेतलेल्या वाचकाचं स्वागत करताना ही वाट कशी आहे, एवढंच सांगायचं आहे.

पहिला प्रश्न व्याकरणाचा नाही, तिकिटाचा आहे. कुठली पोर्तुगीज? पोर्तुगालची लोकसंख्या कोटीच्या थोडी वर, ब्राझीलची वीस कोटींच्या पुढे. शिवाय अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ, साओ तोमे, पूर्व तिमोर. लेखी भाषा बरीचशी एक आहे. 1990च्या करारानंतर शुद्धलेखनही जवळ आलं. कानाला मात्र लिस्बन आणि रिओ यांच्यात मोठं अंतर जाणवतं. ब्राझीलमध्ये ‘शुभ प्रभात’ बहुतेक ठिकाणी ‘बों जिया’ ऐकू येतं, पोर्तुगालात ‘बों दिया’. आगगाडीला ब्राझीलमध्ये ‘त्रें’ म्हणतात, पोर्तुगालात ‘कोंबोयु’. बसला तिकडे ‘ओनिबुस’, इकडे ‘आउतोकार्रु’. फोनवरची लोकप्रिय ॲपं बहुधा ब्राझीलची भाषा शिकवतात आणि तसं ठळकपणे सांगतही नाहीत. ती गिरवून लिस्बनला उतरलेल्या माणसाचं बोलणं लोकांना सहज समजतं, पण लोकांचं बोलणं त्याला समजत नाही. तेव्हा जिथे जायचं तिथलीच भाषा पहिल्या दिवसापासून ऐका. दोन्ही थोडी थोडी शिकण्याचा मोह या टप्प्यावर आवरावा.

लिस्बनची भाषा अवघड वाटते ती स्वर गिळण्यामुळे. जो स्वर आघाताखाली नाही तो आक्रसतो, पुष्कळदा नाहीसाच होतो. टेलिफोनचा शब्द ब्राझीलचा माणूस ‘तेलेफोनी’ असा चारही अवयव मोकळे करून म्हणेल. लिस्बनचा माणूस ‘त्लफॉन’ म्हणून पुढे निघून जाईल. शब्दाच्या शेवटच्या ‘स’चा तिथे ‘श’ होतो. कागदावर ओळखीचं वाटणारं वाक्य त्यामुळे कानाला पोलिश किंवा रशियन वाटू लागतं. यावर वाचन हा उपाय नाही. म्हणून या पुस्तकाचे पहिले धडे ऐकण्याचे आहेत. पोर्तुगालच्या सरकारी नभोवाणीच्या बातम्या रोज ऐकाव्यात, अर्थ न लागता ऐकाव्यात, आणि फक्त आघात कुठे पडतो ते बोटाने टेबलावर वाजवावं. जोडीला गायिका आमालिया रुद्रिगिशचे फादो, म्हणजे पोर्तुगालची पारंपरिक गाणी, लावावेत. गिळलेले स्वर गाण्यात बरेचदा परत येतात, त्यामुळे शब्दाचा मूळ सांगाडा दिसतो.

इथे देवनागरी उपयोगी पडते. आजीला ‘अव्हॉ’ आणि आजोबांना ‘अव्हो’ म्हणतात. फरक फक्त उघड्या आणि मिटलेल्या ‘ओ’चा. इंग्रजी पुस्तकांना तो समजावताना घाम फुटतो. आपण ‘ऑफिस’ आणि ‘ओटा’ रोज लिहितो, त्यामुळे हा फरक आपल्या लिपीत तयारच आहे. मराठी माणसाची परीक्षा अनुनासिक स्वरांत आहे. आपण अनुस्वार पाहिला की ‘न’, ‘म’ किंवा ‘ङ’ पुरता उच्चारतो. पोर्तुगीजमध्ये हवा नाकातून जाते, पण जीभ कुठेही टेकत नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात वाढलेल्यांना हे आपोआप येतं. पुण्या-नागपूरकडच्यांनी आरशासमोर उभं राहून ‘पाउँ’ आणि ‘पाउ’ वेगळे म्हणून पाहावेत. पहिल्याचा अर्थ पाव, दुसऱ्याचा दांडका. बेकरीत दांडका मागितला तर पाव मिळतो, पण काउंटरमागे थोडी खसखस पिकते.

व्याकरणातली एक जागा मला इतकी प्रिय आहे की तिच्यासाठी थोडं थांबतो. ‘पाऊस आला तर छत्री उघड’, ‘काम झालं की फोन कर’. पाऊस अजून यायचा आहे, काम अजून व्हायचं आहे, तरी क्रियापद भूतकाळाचं. मराठीत हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की कुणी दाखवून दिल्याशिवाय लक्षातही येत नाही. पोर्तुगीजमध्ये अशा ‘तर’ आणि ‘जेव्हा’साठी क्रियापदाचं खास रूप आहे. शेजारच्या स्पॅनिशमध्ये ते रोजच्या बोलण्यातून गेलं. पोर्तुगीजमध्ये मुलंसुद्धा ते वापरतात. विद्यार्थी त्याला घाबरतात, पण ते तयार कसं होतं पाहा. करणे म्हणजे ‘फझेर’. ‘त्यांनी केलं’ म्हणजे ‘फिझेराउँ’. त्या भूतकाळी रूपाचं शेपूट छाटलं की उरतं ‘फिझेर’: ‘केलं तर’, ‘केलं की’. ‘ते गेले’ म्हणजे ‘फोराउँ’, म्हणून ‘गेलो की’ला ‘फोर’. न घडलेल्या गोष्टीसाठी घडलेल्याचं अंग वापरायची रीत दोन्हीकडे आहे. इतिहास अर्थातच वेगवेगळा. उसनवारीचा इथे संबंध नाही. पण इंग्रजी पुस्तकात शेवटच्या धड्यांत ढकललेलं हे प्रकरण आमच्याकडे पहिल्या निम्म्या भागातच येतं, आणि ते तिथेच शोभतं.

अशा जोड्या फार ताणू मात्र नयेत. ‘असणे’साठी पोर्तुगीजमध्ये दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘इश्तार’. बर्फ थंड असतो, तिथे ‘सेर’; हे पाणी थंड आहे, तिथे ‘इश्तार’. वाचक खूश होतो: म्हणजे ‘असतो’ आणि ‘आहे’ हाच भेद! पुढच्याच वाक्यात तो आपटतो, कारण ‘माझा भाऊ डॉक्टर आहे’ म्हणताना पोर्तुगीजला ‘सेर’ लागतं. मराठी कुठवर साथ देते आणि कुठे हात सोडते, ते प्रत्येक धड्यात वेगळं नोंदवलं आहे.

संबोधनांकडे आपण इंग्रजांपेक्षा जागरूक असतो, ते इथे कामी येतं. ब्राझीलमध्ये ‘व्होसे’ सर्रास चालतं. पोर्तुगालात अनोळखी, वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘व्होसे’ म्हटलेलं अनेकांना खटकतं. तिथे ‘उ सिन्योर’, ‘अ सिन्योरा’ म्हणून तृतीयपुरुषी क्रियापद लावतात, साधारण आपल्या ‘साहेब काय घेणार?’सारखं. आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’; समोर कोण आहे याचा संबंध नाही. ‘मी आलो’, ‘मी आले’ म्हणणाऱ्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

प्रस्तावनेत पाव, बटाटा, चावी, पगार यांची यादी अपेक्षित असते. ती देत नाही. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ 1913मध्येच सिद्ध केला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर 1936 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघालं. प्रवाशाला त्या यादीने अभिमान वाटेल, वाक्य एकही जमणार नाही. जास्त बोलकी गोष्ट वेगळी आहे. मराठीचं सर्वांत जुनं छापील व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं आहे, रोममध्ये 1778 साली छापलेलं. निजामशाही आणि आदिलशाही मुलखांत चालणारी मराठी शिकवतो, असं ते नावातच सांगतं. या दोन्ही शाह्या तोवर केव्हाच बुडाल्या होत्या, म्हणजे मूळ मजकूर बराच आधीचा असावा. ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स यांनी कोकणीचं व्याकरणही पोर्तुगीजमधूनच लिहिलं. ते त्यांच्या पश्चात, 1640मध्ये रायतूर इथे छापलं गेलं. पलीकडून इकडे येणाऱ्यांसाठी पुस्तकं झाली. इकडून तिकडे जाणाऱ्याला मात्र इंग्रजीची गाडी बदलावी लागते.

आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. पोर्तुगीज 1740मध्ये तिथून गेले, पण गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली अजून बोलली जाते. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. लिस्बनमध्ये ती कुणाला कळणार नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र विमानात बसण्याआधी अलिबागची एसटी पकडावी.

आता प्रवाशाच्या गरजेकडे. संभाषणाची पुस्तकं प्रश्न शिकवतात. अडचण उत्तर आल्यावर होते. म्हणून इथल्या प्रत्येक प्रश्नाखाली त्याची तीन-चार संभाव्य उत्तरं दिली आहेत, तीही घाईत बोलल्यासारखी. वारांचा धडा कुणी वगळू नये. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे ‘सगुंदा फेइरा’, अर्थात दुसरा, मोजणी रविवारपासून. संग्रहालयाच्या दारावर ‘2’चा आकडा आणि ‘बंद’ एवढंच लिहिलेलं असतं. मंगळवार समजून सोमवारी गेलेला पर्यटक बाहेर उभा राहतो.

खाण्याचा धडा सर्वांत मोठा झाला आहे आणि त्याबद्दल मी दिलगीर नाही. ‘काल्दु वेर्द’ हे हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं सूप नावावरून शाकाहारी वाटतं. त्यात बहुधा ‘शोरिसु’ची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती तरंगत असते. ‘सें कार्न’, मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. वाढणाऱ्याच्या लेखी मासा हे मांस नव्हे. ‘सें कार्न, नें पेइश’ असं दोन्ही म्हणावं आणि सॉसेजचं वेगळं विचारावं. जेवणाआधी न मागता टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. खाल्लं तर ते बिलात लागतं, नको असेल तर ‘नाउँ, ओब्रिगादु’ म्हणून परत पाठवता येतं.

उच्चार दहाव्या धड्यापर्यंत देवनागरीत दिले आहेत. पुढे ते काढून टाकले, कारण रस्त्यावरच्या पाट्या रोमन लिपीत असतात आणि डोळ्यांना त्यांची सवय हवी. ज्यांचा प्रवास जवळ आला आहे, त्यांनी पहिले चार धडे, वार, आकडे आणि खाणं एवढं करून निघावं. बाकीचं आल्यावर.