झाडीमुलखातील जुन्या पायवाटा



सुट्या लागल्या की गोंदियाच्या स्टेशनावर पाठीला पिशव्या बांधलेली तरुण मंडळी दिसू लागतात. कोणी सह्याद्रीतील किल्ले चढायला निघालेले असतात, कोणी कोकणच्या किनाऱ्याने पायी हिंडायला, कोणी हिमालयात, तर कोणी राजस्थानच्या वाळवंटात. मला त्यांचे कौतुकच वाटते. पायी हिंडल्यावाचून देश कळत नाही. परंतु त्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. बाबांनो, आपल्या स्वतःच्या जिल्ह्यातून कोणत्या पायवाटा जात होत्या, त्या कोणी पाडल्या आणि त्यांवरून काय वाहून नेले जाई, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

आज नाणेघाट हा हौशी गिर्यारोहकांचा घाट झाला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तो व्यापाऱ्यांचा होता. सातवाहनांचे शिलालेख तेथे आहेत आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणही आहे. देखावा पाहण्यासाठी कोणी घाट पाडीत नाही. माणूस वाट पाडतो ती पोटासाठी, देवासाठी किंवा राज्यासाठी. देखावा मागाहून येणाऱ्याला दिसतो. आमच्या वाटांवर शिलालेख नाहीत. म्हणून त्यांना इतिहासच नाही, अशी आपली समजूत झाली आहे. ती समजूत खरी नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम मुलूख डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला वैनगंगा, उत्तरेला बाघ नदी, पूर्वेला सालेकसा-देवरीकडून छत्तीसगडात शिरणारे डोंगर, आणि मध्ये धानाची बांधी, बोड्या, तलाव व झाडी. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण वाटांना जिल्ह्यांच्या सीमा ठाऊक नसतात. नागपूरचा पठारी प्रदेश आणि छत्तीसगडचे भाताचे कोठार यांच्यामधला हा दरवाजा आहे. जो कोणी पूर्वेकडून नागपूरला आला किंवा नागपूरहून पूर्वेकडे गेला, त्याला बहुधा याच दरवाजातून जावे लागे.

नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर १७४१ साली रतनपुरावर चालून गेले आणि पुढल्याच वर्षी बंगालात उतरले. १७५१ पासून १८०३ पर्यंत कटकेचा मुलूख भोसल्यांच्या ताब्यात होता. राजधानी नागपूरला आणि राज्य समुद्रापर्यंत! अशा राज्याचे कारकून, जासूद, शिपाई आणि जगन्नाथपुरीचे यात्रेकरू हे सारे मधल्या रानावनांतून पायीच जात-येत असत. १७९० साली लेकी नावाचा एक इंग्रज कटकेहून नागपुरास आला. त्याची रोजनिशी १८०० साली लंडनला छापली गेली. पुस्तकाच्या लांबलचक नावातच वाटेचा पत्ता दिलेला आहे: डोंगरगड आणि ‘दक्षिणेकडील बंजारी घाट’ यांवरून. डोंगरगड आपल्या सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर. लंडनच्या छापखान्यात आपल्या शेजारच्या घाटाला जे नाव मिळाले ते राजाचे नव्हे, सरदाराचे नव्हे. ते बैलांवर गोण्या लादून चालणाऱ्या बंजाऱ्यांचे आहे.

हे योग्यच झाले. कारण वाटेचा खरा मालक तोच होता. समुद्रकाठचे मीठ आत आणावे आणि आतले धान्य बाहेर न्यावे, हा बंजाऱ्यांचा धंदा. त्यांच्या तांड्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी पाठाळ बैल असत. पुढे गळ्यात घंटा आणि अंगावर कवड्या मिरविणारा म्होरक्या बैल, मागे बायकापोरे, कुत्री आणि नायक. आपले पूर्वज मारवाडातून आले असे ते सांगतात. म्हणजे पाहा, वाळवंटातून निघालेला माणूस समुद्राचे मीठ घेऊन आमच्या झाडीतून चालला होता! एवढ्या बैलांना रोज संध्याकाळी चारा आणि पाणी लागे. म्हणून त्यांची वाट सरळ रेषेत जात नसे. ती पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत वळणे घेत जाई. आपल्या भागातील जुनी पायवाट एखाद्या तलावाच्या पाळीवर का चढते, याचे कोडे पडले तर हा बैल आठवावा.

भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. मग नागपूर, भंडारा, साकोली, देवरी या मार्गाने रायपूरकडे मोठी सडक झाली. तिला इंग्रज ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणत. आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३ तोच. पुढे १८७८ च्या दुष्काळानंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वे हाती घेण्यात आली आणि १८८२ पर्यंत मीटर गेजची गाडी राजनांदगावास पोहोचली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने तो मार्ग रुंद केला आणि १८९१ साली तो थेट आसनसोलपर्यंत नेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूर आणि नागभीड या बाजूंनी नॅरो गेजचे फाटे फुटले. गोंदिया हे जंक्शन झाले, आणि आपले हे शहर वाढले ते त्या रुळांमुळेच.

आईला दुखावण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या रुळांनी आपल्याला वाढविले, त्यांनीच बंजाऱ्याचा बैल बसविला. वॅगनमधून मीठ येऊ लागल्यावर तांड्याला विचारतो कोण? कोणी शेती धरली, कोणी मजुरी. आणि एका पिढीत घाटवाटांवर गवत उगवले. वाट मारण्यासाठी कोणी तिच्यावर कुऱ्हाड चालवावी लागत नाही. तिच्यावरून चालणे बंद झाले की ती आपोआप मरते.

मात्र सर्वच वाटा मेल्या नाहीत. सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनावर उतरा. बोरतलावकडे जाताना आगगाडी बोगद्यात शिरते, असा तो डोंगरमुलूख. जवळच हाजरा धबधबा कोसळतो. त्याच डोंगरात कचारगडची गुहा आहे. कोया वंशाच्या गोंड बांधवांची कथा अशी की, कली कंकालीची तेहेतीस मुले या गुहेत कोंडली गेली. दारावर प्रचंड शिळा होती. हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीच्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ आले आणि शिळा ढळली. पण तो वादक तिच्याखाली सापडून गेला. पारी कुपार लिंगोने त्या मुलांना ज्ञान दिले आणि त्यांच्यापासून गोत्रांची व्यवस्था उभी राहिली. माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि त्याही पलीकडून माणसे येतात, धनेगावहून डोंगर चढतात. गेल्या तीन-चार दशकांत नक्षलवादी हालचालींमुळे शहरातली माणसे त्या बाजूला पाऊल टाकायला कचरत. यात्रेकरूंचे पाऊल थांबले नाही. मिठाची वाट बुजली, देवाची वाट राहिली. कारण मीठ दुसरीकडून आणता येते, पूर्वज दुसरीकडून आणता येत नाहीत.

तिसरी वाट पाण्याची. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध तुम्ही पाहिला असेल. सात डोंगरांच्या मधला हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. गावाने पुढे त्यांना कोलासूर देव करून पूजिले. तलाव बांधणाऱ्याला देवत्व देणारा मुलूख क्वचितच सापडेल. कोहळ्यांना गोंड राजाने काशीकडून आणले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ही कलासुद्धा पायीच चालत आली! याच नवेगावी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून काही वर्षे काढली. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या स्थानिक जाणत्यांचे बोट धरून ते रानात हिंडले आणि मराठीला अरण्याचे एक नवे दालन मिळाले. २००६ साली ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ साली निवर्तले. रान त्यांना सापडले ते पायवाटेवर, हे विसरू नये.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. हे आवश्यकच होते. पण त्यामुळे काही गावांना उठावे लागले, आणि मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईची पिढीजात वाट एके दिवशी गुन्ह्याची वाट ठरली. पर्यटक मात्र गाडीत बसून आत जातो. पायी चालणारा बाहेर आणि चाकावरचा आत, ही व्यवस्था वाघासाठी गरजेची असेल. परंतु वाट सोडणाऱ्याचे आपण ऋणी आहोत, याची जाणीव तिकीट काढताना तरी असावी.

आणि वाघाची वाट? २०१३ साली नागझिऱ्याचा ‘जय’ नावाचा वाघ शंभराहून अधिक किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात पोहोचला. २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही. त्याला नकाशा कोणी दिला नव्हता. नाल्याच्या काठाने, झाडीच्या आडोशाने, पाण्यापासून पाण्यापर्यंत तो गेला. बंजाऱ्याचा बैल ज्या हिशेबाने चाले, त्याच हिशेबाने! आज नवेगाव आणि नागझिरा यांच्यामध्ये तोच जुना ग्रेट ईस्टर्न रोड महामार्ग होऊन आडवा पडला आहे आणि त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. जनावरांना खालून जाता यावे म्हणून पूल बांधावे लागतात. त्यांवर होणारा खर्च काहींना चैन वाटतो. मला तो जुनी उधारी फेडण्यासारखा वाटतो. आपण दीडशे वर्षे त्यांच्या वाटेवर आपला रस्ता टाकीत आलो आहोत.

तेव्हा श्रोतेहो, सह्याद्रीत जा, हिमालयातही जा. पण एखाद्या रविवारी आपल्या आजोळच्या गावी जाऊन घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, ‘आजी, तुम्ही बाजाराला कोणत्या वाटेने जात होता?’ ती बोट दाखवील त्या पांदणीने चालू लागा. कुठे ती बांधीत नांगरली गेली असेल, कुठे बेशरमाच्या झुडपांनी बुजली असेल. जेवढी उरली असेल तेवढी चाला, आणि कोणत्या बोडीपाशी वळली, कोणत्या झाडाखाली थांबली, ते घरी येऊन वहीत लिहून ठेवा. आमच्या वाटांना शिलालेख नाहीत, असे मी आरंभी म्हणालो. त्यांचा लेख अशा वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि तो वाचायला आपल्याजवळ फार वर्षे नाहीत.