दोन वेळचे ताट आणि पाऊण तासाची चाल

लातूर-नांदेडकडे वजन कमी करण्याची चिंता जेमतेम एका पिढीची आहे. त्याआधीच्या पिढ्यांची सगळी धडपड अंगावर मांस टिकावे यासाठी होती. भरल्या अंगाचा माणूस खात्यापित्या घरचा समजला जाई आणि कुणी बारीक झालेला दिसला की पहिला प्रश्न आजारपणाचा येई. तालमीतला खुराकही त्याच वळणाचा होता: दूध, तूप, बदामाची थंडाई. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार राष्ट्रकुल स्पर्धेतून कुस्तीचे सुवर्णपदक घेऊन आले. या भागातल्या पोरांपुढे देहाचा आदर्श होता तो असा, भरदार पहिलवानाचा.

शाकाहार मात्र इथे फार जुना आहे आणि त्याची मुळे अनेक आहेत. नामदेवांचे नरसी शेजारच्या हिंगोलीत आणि जनाबाईंचे गंगाखेड परभणीत. वारकरी पंथाची पकड या सगळ्या पट्ट्यावर आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की मांस सुटले, हा माळकऱ्याचा नेम. उदगीर, औसा, निलंगा, देगलूर या भागांत लिंगायत समाज मोठा आहे आणि तो कटाक्षाने शाकाहारी आहे. माहूर हे महानुभावांचे महत्त्वाचे स्थान, तेही शाकाहारीच. शहरांतल्या पेठांमध्ये मारवाडी आणि जैन व्यापाऱ्यांची घरे. याखेरीज फार मोठा वर्ग असा होता की ज्याच्या घरी मटण शिजे ते जत्रेला किंवा कंदुरीला. वर्षातले बाकीचे दिवस तो शाकाहारी असे तो व्रताने नव्हे, ऐपतीने. मराठवाड्याच्या शाकाहाराचा इतिहास लिहिताना हा शेवटचा वर्ग सहसा विसरला जातो.

या ताटाच्या मध्यभागी ज्वारीची भाकरी. तिच्याबरोबर तुरीचे वरण किंवा येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचे पीठ) घालून केलेली आमटी, जवस-कारळाची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा, आणि करडईचे तेल. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून खुडून आणलेली तांदुळजा, चिगळ, पाथरी अशी भाजी. थंडीत करडईची कोवळी पाने. अंबाडीची भाजी कण्या घालून शिजवत. कण्या म्हणजे जात्यावर भरडलेली ज्वारी. अंबाडीचा पाला उकडून, आंबट पाणी पिळून टाकून, त्यात कण्या आणि थोडी तुरीची डाळ घालून मऊ शिजवायचे, वर लसणाची फोडणी. ताट वाढले की भाजीच्या मध्ये खळगा करून त्यात करडईचे कच्चे तेल सोडायचे. मूठभर कण्यांत घरातली सहा माणसे भागत, कारण पातेल्याचा मोठा भाग पाल्याचाच असे.

आजच्या पोषणशास्त्राच्या मापाने हे ताट चांगले भरते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि तितकाच तंतू असतो. तुरीच्या डाळीत प्रथिने २२ ग्रॅमच्या आसपास. भाकरी चावून खावी लागते, पोटात बराच वेळ राहते. पण या ताटाला सोन्याचा मुलामा देणे चूक ठरेल. गरिबाच्या घरी वरण पातळ असे, दूध विकायला जाई, आणि पोराबाळांच्या वाट्याला अनेकदा भाकरी-चटणीच येई. तेव्हाचे लोक बारीक होते ते काही अंशी चांगल्या अन्नामुळे, बऱ्याच अंशी अपुऱ्या अन्नामुळे.

वेळापत्रकही ठरलेले होते. सुगीच्या, कष्टाच्या दिवसांत सकाळची न्याहारी, दुपारी शेतात आलेली भाकरी आणि दिवेलागणीचे जेवण. काम नसलेल्या दिवसांत दोनच वेळा. मधल्या वेळात पाणी, फार तर ताक. फरसाण, बिस्किटे, साखरेचा चहा ही मधली खाणी खेड्यात पोचायला बराच काळ जायचा होता. व्यायाम हा शब्द तालमीपुरता होता. बाकीच्यांचा व्यायाम म्हणजे जाते, मोट, खुरपणी, पाण्याच्या घागरी आणि बाजाराच्या गावापर्यंतची पायपीट. आषाढीला पंढरपूरची वाट धरणारा माळकरी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालत असे, आणि त्याला ते वजनासाठी करतो आहोत असे स्वप्नातही वाटत नव्हते.

बदलाची सुरुवात दुष्काळापासून धरता येते. १९७२ च्या दुष्काळात ज्वारी मिळेना, तेव्हा परदेशातून आलेली लाल मिलो लोकांनी खाल्ली, सुकडीवर मुले जगली, आणि खडी फोडण्याच्या कामांवर हजारो कुटुंबे राबली. त्यानंतर स्वस्त धान्य दुकानातून गहू आणि तांदूळ नियमित येऊ लागला. पोळी आधी पाहुण्यासाठी होती, मग सणासाठी, मग रोजची झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो दराने मिळू लागला, आणि घरची ज्वारी त्याच्यापुढे महागाची ठरली. शेतातही तेच झाले. खरिपाच्या ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि लातूर ही त्याची मोठी बाजारपेठ बनली. करडई मागे पडली, घाण्याचे तेल गेले, पिशवीतले सोयाबीनचे आणि पामचे तेल आले. मांजरा नदीच्या पट्ट्यात ऊस आणि साखर कारखाने वाढले. घराघरात गोड चहा दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागला.

यातली एक गोष्ट विशेष खटकणारी आहे. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ ४० टक्के असते. म्हणजे प्रथिनांच्या बाबतीत शाकाहाऱ्याला याहून सरस पीक नाही. पण लातूरच्या शेतातून ते थेट तेलाच्या कारखान्यात जाते. तेल माणसाला आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांना, असा त्याचा प्रवास आहे. पिकवणाऱ्याच्या ताटात त्यातले तेवढे तेलच परत येते.

हालचालही याच काळात आटली. पिठाची गिरणी गावोगाव झाली, मोटेच्या जागी पंप आला, बाजाराला जाणारा पायी न जाता मोटारसायकलवर जाऊ लागला. बोर्डाच्या परीक्षांत यश मिळवून देणाऱ्या 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला झाल्यावर तर वेगळाच वर्ग उभा राहिला. दहावी-बारावीची हजारो मुले खोली, शिकवणी आणि मेस या तीन ठिकाणी दिवस काढतात, आणि त्यांचा बहुतेक वेळ बसून जातो.

उपवासाचे रूपही पालटले. एकादशीला पोटाला विसावा हा मूळ हेतू. भगर, राजगिरा, रताळे, शेंगदाणे एवढ्यावर तो दिवस निघे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तमिळनाडूतल्या सेलमकडचा साबुदाणा स्वस्तात मिळू लागला आणि फराळाचा राजा झाला. तो कंदातला शुद्ध स्टार्च, त्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घालून केलेल्या खिचडीची एक ताटली उष्मांकांत रोजच्या भाकरी-वरणाला सहज मागे टाकते. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगीच रूढ झालेली नाही.

या सगळ्याचा परिणाम मराठवाड्यातल्या शरीरांवर अधिक तीव्र व्हावा, याला शास्त्रीय कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. अर्धपोटी आयांची बाळे वजनाने हलकी होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचा वाटा जास्त होता. अशा शरीराला पुढे भरपूर अन्न मिळाले की मधुमेह लवकर गाठतो. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा बॉडी मास इंडेक्सच्या २५ ऐवजी २३ वर आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटरवर ठेवली गेली ती याच अनुभवातून. आज महाराष्ट्रात साधारण चार प्रौढांपैकी एक जास्त वजनाचा आहे, आणि त्याच वेळी पाचातली एक स्त्री कमी वजनाची आहे. अनेकदा दोघेही एकाच घरात असतात.

वजन उतरवण्याची जी पद्धत या भागातून सबंध महाराष्ट्रात गेली, तिचा उगम नागपूरला आणि प्रसार लातूरहून झाला. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) हे डॉक्टर, आमदार, राज्यसभेचे सदस्य आणि असंख्य पदव्यांसाठी प्रसिद्ध झालेले विद्वान. माणसाने कडक भूक लागेल तेव्हाच, म्हणजे दिवसातून दोनदाच जेवावे, असे ते व्याख्यानांतून सांगत. अपघाती मृत्यूनंतरही त्यांचे हे विचार लोकांत फिरत राहिले. तेव्हा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यापर्यंत ते पोचले. २०१२ साली दीक्षितांनी आधी स्वतःवर प्रयोग केला आणि तीन महिन्यांत ८ किलो वजन उतरवले. मग गावोगाव विनामूल्य व्याख्याने सुरू झाली. 'विनासायास वेटलॉस व मधुमेह प्रतिबंध' हे त्यांचे पुस्तक घरोघर गेले. व्हॉट्सॲपवरच्या गटांतून स्वयंसेवक शंका निरसन करू लागले. २०१८-१९ च्या सुमारास राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी त्यांनाच पुढे केले.

नियम मोजके आहेत. ज्या दोन वेळी खरी भूक लागते त्या ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे. मध्ये पाणी, घरचे पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा चालतो. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. सुरुवातीला उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीएवनसी या तपासण्या करायच्या. मधुमेह्याने गोड वगळून आधी बदाम-अक्रोड, मग कच्ची काकडी-टोमॅटो, मग वाटीभर मोड आलेले कडधान्य आणि त्यानंतर नेहमीचे जेवण, असा क्रम ठेवायचा. १८ वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि टाइप १ मधुमेही यांच्यासाठी ही पद्धत नाही. यामागचा तर्क असा की दर खाण्याला इन्सुलिन स्रवते, ते वारंवार चढे राहिले की चरबी वापरली जात नाही.

ही पद्धत शाकाहारी घरांत झपाट्याने रुजली याची कारणे साधी आहेत. वेगळा स्वयंपाक लागत नाही, डबाबंद पावडर लागत नाही, खर्च शून्य. चुलीपुढच्या बाईला एका माणसासाठी निराळे काही शिजवावे लागत नाही, हा मुद्दा फार मोठा आहे. शिवाय दोन वेळा जेवून मध्ये ताक पिणारा माणूस घरातल्या म्हाताऱ्यांना परका वाटला नाही. त्यांच्या तरुणपणी तसेच चाले.

आक्षेपही आले. ऋजुता दिवेकर यांच्या २००९ च्या गाजलेल्या पुस्तकापासून दर दोन तासांनी थोडे खावे हा सल्ला शहरांत रुळला होता. त्याच्या नेमके उलट हे सांगणे. आहारतज्ज्ञांनी पुराव्याचा प्रश्न उभा केला, आणि तो रास्तच होता. किती वेळा खाल्ले यापेक्षा दिवसभरात एकूण किती खाल्ले याला वजनाच्या बाबतीत अधिक महत्त्व आहे. दोनदा खाणाऱ्याचे एकूण खाणे बहुधा आपोआप घटते, लाभाचा मोठा भाग तिथूनच येतो. दीक्षितांच्या बाजूने सांगता येईल असा एक प्रयोग प्रागचा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना तेवढ्याच उष्मांकाचे अन्न आधी दोन वेळा आणि मग सहा वेळा, किंवा उलट क्रमाने, प्रत्येकी १२ आठवडे दिले. दोन वेळांच्या काळात वजन सरासरी ३.७ किलो उतरले, सहा वेळांच्या काळात २.३. मात्र तिथली दोन जेवणे सकाळची आणि दुपारची होती, रात्री दहाचे जेवण त्यात नव्हते. आणखी एक सावधगिरी: साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय जेवणाच्या वेळा कमी केल्या, तर साखर धोकादायक उतरू शकते.

खरा उणेपणा निराळाच आहे. ताट किती वेळा मांडायचे ते या पद्धतीने ठामपणे सांगितले, पण ताटात काय किती हवे याकडे सामान्य शाकाहारी अनुयायाचे लक्ष कमी गेले. दोन जेवणांत चार-चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाणाऱ्याचे वजन उतरते, पण त्याबरोबर स्नायूही झिजतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली २००० उष्मांकांचे जे ताट सुचवले, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल अवघे २७ ग्रॅम आहे. शाकाहाऱ्याला बी-१२ जीवनसत्त्व दूध-दह्यातूनच मिळते, तेव्हा ताक-दही टाळून चालत नाही. नुसत्या चालण्यानेही भागत नाही. स्नायू राखायला जोर-बैठका किंवा वजन उचलणे लागते, आणि ते तालमीला ठाऊक होते.

पोषण संस्थेच्या या मोजमापाच्या फार जवळ जाणारा एक पदार्थ लातूरकडे आहे, तो म्हणजे भज्जी. मार्गशीर्ष अमावास्येला, वेळ अमावास्येला, घरे-दुकाने बंद करून माणसे शेतावर जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची आंबील, गव्हाची खीर असे जेवण. भज्जीत तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, हंगामातल्या पालेभाज्या आणि फळभाज्या एकाच पातेल्यात शिजतात, बेसनाने ती दाट होते. तेल नावापुरते. पंगतीत एकेकाच्या पोटात कडधान्य आणि भाजी रोजच्या कितीतरी पट जाते. हे सगळे जिन्नस डिसेंबर ते फेब्रुवारी बाजारात मुबलक असतात. वजन उतरवू पाहणाऱ्या घरांनी भज्जी वर्षातून एका दिवसापुरती न ठेवता थंडीभर आठवड्यातून दोनदा तरी करावी.