साक्ष आणि सत्ता : पंडिता रमाबाईंच्या सत्यकथनाचे अधिष्ठान

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) निर्भयतेचा निर्देश मराठी समाजेतिहासात वारंवार होतो. मात्र तिचा त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेशी असलेला संबंध बहुधा दोन टोकांवरून पाहिला जातो. एका मतानुसार धर्मांतरामुळे त्यांच्या सुधारणाकार्याची हानी झाली. दुसऱ्या मतानुसार त्यांचे सारे धैर्य ही धर्मांतराचीच देणगी होय. कालक्रम ध्यानात घेतला असता ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

रमाबाईंचे धैर्य बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातिबंधन झुगारून केलेला विवाह, १८८२ मध्ये वैधव्यानंतर पुण्यात स्थापिलेला आर्य महिला समाज आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे दिलेली साक्ष, हे सारे २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे झालेल्या बाप्तिस्म्याच्या आधी घडले. मग श्रद्धेने बदलले काय? 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) आणि 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या संहिता शेजारी ठेवल्या, तर बोलण्याचे स्थान बदललेले दिसते. पहिल्या ग्रंथात उपदेशाचा रोख स्त्रीकडे आहे; तिची उन्नती तिच्याच उद्योगावर व सदाचरणावर सोपविली आहे. दुसऱ्यात स्मृतिग्रंथ आणि त्यांवर उभी असलेली कुटुंबव्यवस्था यांनाच जाब विचारला आहे. हा ग्रंथ अमेरिकन वाचकांच्या साहाय्यासाठी लिहिला गेला, हे मान्य करूनही हा पालट केवळ वाचकवर्गाच्या भिन्नतेने उलगडत नाही.

याचा अधिक बळकट पुरावा चर्चशी झालेल्या त्यांच्या संघर्षात सापडतो. सिस्टर जेराल्डिन व डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीच्या शंका रमाबाई या पत्रांतून स्पष्टपणे मांडतात. एका पुरोहितवर्गाचे जोखड फेकल्यावर दुसऱ्याचे स्वीकारण्यास त्या तयार नाहीत. ज्यांच्या आश्रयाने त्या परदेशात राहत होत्या, त्यांनाच हे सांगण्यात असलेली जोखीम उघड आहे. ईश्वराच्या आज्ञेचा अर्थ लावण्याचा अधिकार सदसद्विवेकाकडे आहे, ही श्रद्धाच येथे मानवी अधिकाराविरुद्ध उभी राहते.

हीच वृत्ती पुढे दोनदा कसोटीला लागली. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याचा आक्षेप घेऊन 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी सक्तीचा आरोप नाकारला. तथापि आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दार मुलींसाठी बंद करण्याचेही नाकारले. १८९७ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून पुण्यातील प्लेगव्यवस्थेत स्त्रियांच्या होणाऱ्या विटंबनेला वाचा फोडली. रँडची हत्या, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आणि गोखल्यांची माफी यांचे ते वर्ष होते. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून त्यांनी त्याला सूट दिली नाही.

'साक्ष' या शब्दात न्यायालय आणि ख्रिस्ती उपासना ही दोन्ही क्षेत्रे एकत्र येतात. उपनिषदांतील साक्षी केवळ पाहतो, अलिप्त राहतो. रमाबाईंची साक्षीदार पाहिलेले सांगण्यास बांधलेली आहे. १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदनाच्या शीर्षकातही त्यांनी याच अर्थाचा शब्द योजला. मात्र समीक्षकाने येथे सावध असले पाहिजे. श्रद्धेची साक्ष हा वाङ्मयप्रकार पूर्वायुष्याला अंधाराचे आणि उत्तरायुष्याला प्रकाशाचे रूप देतो. त्यामुळे १८८२ ची रमाबाई १९०७ च्या रमाबाईंकडूनच काहीशी झाकली जाते, आणि सारे धैर्य धर्मांतरातून आले हे मत या रचनेलाच इतिहास समजण्यातून बळावते.

श्रद्धेने रमाबाईंना धैर्य दिले, यापेक्षा श्रद्धेने त्यांच्या धैर्याला कोणत्याही मानवी सत्तेच्या वर असलेले एक न्यायासन दिले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. शास्त्री, बिशप आणि गव्हर्नर यांना एकाच स्वरात उत्तर देणारे गद्य त्यातून घडले. त्यांचे लेखन केवळ सुधारकी वा केवळ मिशनरी वाङ्मयाच्या कप्प्यात टाकल्यास हा स्वर ऐकू येणे बंद होते.