वाहनातील कापडी आसनांचे नूतनीकरण

वाहनातील कापडी आसनांचे नूतनीकरण म्हणजे जुन्या मोटारगाडीतील मळलेल्या, विटलेल्या किंवा झिजलेल्या आसनवस्त्राची स्वच्छता, रंगकाम अथवा बदल करण्याची प्रक्रिया होय. मळलेले कापड धुऊन पूर्ववत होऊ शकते. उन्हाने विटलेला रंग मात्र धुण्याने परत येत नाही. त्यामुळे कापड मळले आहे की विटले आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

रंग विटण्याची कारणे

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे व दृश्य प्रकाश यांमुळे रंगद्रव्याचे रेणू मोडतात; उष्णतेने ही क्रिया वेगवान होते. समोरच्या काचेच्या दोन थरांमधील प्लॅस्टिकचे पटल बहुतेक अतिनील किरणे अडवते. बाजूच्या साध्या काचांतून ती अधिक प्रमाणात आत येतात. म्हणून खिडकीकडील कडा आणि पाठीचा वरचा भाग आधी विटतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. वेरूळची लेणी किंवा घृष्णेश्वर मंदिर यांसारख्या ठिकाणी उघड्यावर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या आसनांना ही झीज अधिक सोसावी लागते. प्रकाशाने रंगाबरोबर धागाही कमकुवत होतो.

परीक्षण व स्वच्छता

आसनाखालील किंवा शिवणीच्या आतील भागावर ऊन पडत नसल्याने तेथे मूळ रंग टिकून असतो. तुलनेसाठी तोच पाहतात. कापड बोटांनी ताणल्यावर धागे तुटू लागल्यास रंगकाम निरर्थक ठरते. स्वच्छतेत प्रथम धूळ शोषून घेतात. नंतर ओल्या पांढऱ्या फडक्याने झाकलेला कोपरा घासून रंग सुटतो का ते पाहतात आणि सौम्य साबणाचा फेस वापरतात. आतील फोममध्ये पाणी मुरल्यास कुबट वास व बुरशी येते, म्हणून पाणी बेताचे वापरून आसन वाऱ्यावर वाळवतात.

रंगकाम

आसनांचे कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. कारखान्यात ते सुमारे १३० अंश सेल्सियस तापमानाला, दाबाखाली रंगवले जाते. गाडीत तसे करणे शक्य नसते. सुती कापडासाठीचे घरगुती रंगही त्यावर टिकत नाहीत. फवाऱ्याचे रंग चिकट माध्यमाच्या साहाय्याने धाग्याच्या पृष्ठभागावर बसतात. ते पातळ थरांत मारून मध्ये ब्रश फिरवला नाही, तर कापड कडक होते. या पद्धतीने गडद कापड फिके करता येत नाही आणि विणीतील नक्षी झाकली जाते.

कापड बदलणे

जीर्ण कापड कुशनचे काम करणारे कारागीर बदलतात. जुने खोळ उसवून त्याचे तुकडे नमुन्यासाठी वापरले जातात. मुंबईत २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात आरेखनकारांनी टॅक्सींच्या आसनांसाठी नवी चित्रवस्त्रे तयार केली. छत्रपती संभाजीनगरचे प्रसिद्ध हिमरू हे सूत व रेशीम यांच्या मिश्रणाचे वस्त्र आहे. रेशीम उन्हाने लवकर कमजोर होत असल्याने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या आसनासाठी ते टिकाऊ ठरत नाही.

सुरक्षितता

काही गाड्यांच्या आसनांत बाजूची एअरबॅग असते. तिच्यावर साधे खोळ चढवल्यास ती उघडण्यात अडथळा येऊ शकतो. आसन काढण्यापूर्वी बॅटरी विलग करून निर्मात्याच्या सूचना पाळणे आवश्यक असते. घरगुती पडद्याचे कापड वापरण्याऐवजी वाहनांसाठी बनवलेले, ज्वलनरोधाची चाचणी झालेले कापड निवडावे लागते.