केवळ कार्यालयीन उपयोगासाठी : रिक्वेस्ट, व्हेरिएबल आणि कंट्रोलरची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी गोष्ट तीच.

रेल्वेचं आरक्षण खिडकीवर जाऊन काढलंय का कधी? आम्हा बदलापूरकरांना गणपतीत गावी जायचं तर पहाटे रांग लावायची सवय होती. हातात तो फॉर्म. गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठे, प्रवाशांची नावं, वयं, हे सगळं आपण भरायचं. तळाशी मात्र एक भाग वेगळा राखलेला असतो : केवळ कार्यालयीन उपयोगासाठी. पीएनआर नंबर, सीट नंबर, घेतलेली रक्कम. त्या जागी आपण भाडं म्हणून दहा रुपये लिहून दिले, तरी खिडकीमागचे बाबू तिकडे बघणारसुद्धा नाहीत. भाडं ते त्यांच्या यंत्रातून काढतात.

वेब ॲप्लिकेशनमधला कंट्रोलर म्हणजे हे बाबू. ब्राउझरकडून येणारा भरलेला फॉर्म म्हणजे रिक्वेस्ट. आणि बाबू स्वतःच्या हिशेबासाठी जवळ ठेवतात तो कागद, त्यावरची एकेक नोंद म्हणजे व्हेरिएबल. तिकीट दिलं की हिशेबाचा कागद फाडून टाकायचा आणि 'पुढचा!' म्हणायचं. वेबवरही साधारण तसंच. एक रिक्वेस्ट संपली की कंट्रोलरमधली तिची व्हेरिएबल्सही संपली. पुढच्या रिक्वेस्टच्या वेळी सर्व्हरला तुम्ही आपोआप आठवत नाही. म्हणून तर १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. आपल्या लोकलच्या पाससारखं समजा : दर वेळी तुम्हीच दाखवायचा, मग ओळख पटणार.

आता प्रश्न असा : फॉर्म आणि बाबूंचा हिशेबाचा कागद एकच झाला तर? हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका व्यापाऱ्याच्या पैशांवर शिकलो. पण आधी थोडा इतिहास.

१९९१ मधली वेबची रिक्वेस्ट एका ओळीची होती. 'गेट' हा शब्द आणि पानाचा पत्ता, बस. १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकन संस्थेत सीजीआय नावाची पद्धत ठरली. आता पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे लिहिलेला मजकूर सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या हातात जसाच्या तसा पडायचा. तो तोडून, निवडून, नावं आणि किमती वेगळ्या करायचं काम प्रोग्रामरचं. मोठं किचकट काम.

१९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी सगळ्यांसाठी खुली केली. त्यात हा त्रासच गेला. फॉर्ममध्ये 'नाव' अशी चौकट असेल, तर तुमच्या पानात 'नाव' हे व्हेरिएबल आपोआप तयार! मागायचं नाही, शोधायचं नाही. माझ्यासारखी कितीतरी पोरं या एका सोयीमुळे वेबकडे वळली.

२००३ साल. मी उल्हासनगरच्या एका जीन्सच्या ठोक व्यापाऱ्यासाठी ऑर्डर घेणारी वेबसाइट केली होती. एके दिवशी होस्टिंगवाल्यांनी पीएचपीची नवी आवृत्ती टाकली आणि माझी पानं मुकी झाली. ऑर्डर यायची, पण नाव रिकामं, संख्या रिकामी. कारण असं, की एप्रिल २००२ च्या ४.२ आवृत्तीपासून पीएचपीने ती आपोआपची सोय मुळात बंद ठेवली होती. तिचं नाव रजिस्टर ग्लोबल्स. रिक्वेस्टमधलं काही हवं असेल तर आता गेट किंवा पोस्टच्या वेगळ्या डब्यातून नाव घेऊन काढायचं.

मी काय केलं? कोड सुधारायचा सोडून होस्टिंगवाल्यांना सांगून जुनी सोय पुन्हा चालू करून घेतली. पाच मिनिटांत काम झालं, खूश.

माझ्या पानात एक ओळ होती : ग्राहक जुना असेल तर सवलत दहा टक्के. ग्राहक नवा असेल तर काय, ते मी लिहिलंच नव्हतं. रिकामं म्हणजे शून्य, असं गृहीत धरलेलं. कुणीतरी पत्त्याच्या शेवटी हातानेच लिहिलं : सवलत बरोबर चाळीस. झालं! माझ्या हिशेबाच्या कागदावर बाहेरच्या माणसाने आकडा मांडला आणि माझ्या प्रोग्रामने तो मुकाट्याने वापरला. तीन ऑर्डरींचा माल तसा निघून गेल्यावर शेठजींच्या लक्षात आलं.

ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आमच्या गावाच्या 'मेड इन यूएसए'वर सगळी दुनिया हसते. आम्ही स्वतः तरी लेबल बघून माल घेतो का? हात लावून बघतो. तू लेबल वाचलंस आणि बिल फाडलंस." मला उत्तर देता आलं नाही. त्या महिन्याचे माझे पैसे मी घेतले नाहीत. तेवढ्याने त्यांचं नुकसान काही भरून निघालं नाही.

आता कंट्रोलर हा शब्द कुठून आला ते बघा. नॉर्वेचे ट्रिग्वे रेनस्काउग १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होते. त्यांनी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी कामाची वाटणी मांडली. तेव्हा वेब नव्हतीच. पुढे २००० च्या सुमारास स्ट्रट्स आणि २००४ मध्ये डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांचं रेल्स आलं, आणि वेबवर कंट्रोलर रुळला. रेल्समध्ये रिक्वेस्टमधून आलेलं सगळं 'पॅराम्स' नावाच्या एकाच पेटीत. आपोआप व्हेरिएबल नाही. वाटलं, चला, धडा शिकलो सगळे.

इथे तारखा लक्ष देऊन ऐका. १ मार्च २०१२ ला पीएचपी ५.४ आली आणि तिच्यातून रजिस्टर ग्लोबल्स कायमचं काढून टाकलं. आणि ४ मार्चला, तीनच दिवसांनी, येगोर होमाकोव्ह या रशियन तरुणाने गिटहबवर खुद्द रेल्सच्या भांडारात आपल्या नावाने बदल करून दाखवला. त्याला तिथे लिहायचा काहीही अधिकार नसताना!

कसं जमलं? गिटहब स्वतः रेल्सवर बांधलेलं. आपली किल्ली नोंदवायच्या फॉर्ममध्ये त्याने एक जास्तीची चौकट घुसवली : ही किल्ली कुणाच्या खात्याची. कंट्रोलरने पॅराम्सची पेटी न निवडता पुढे मॉडेलकडे ओतली, आणि त्याची किल्ली रेल्सच्या अधिकारी माणसाच्या खात्यावर चढली. या धोक्याबद्दल त्याने आधी रेल्सवाल्यांना सांगितलंही होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. म्हणजे व्हेरिएबलचं दार बंद झालं होतं, मॉडेलचं उघडंच होतं. चूक तीच, माझी उल्हासनगरवाली.

२०१३ च्या रेल्स ४ मध्ये 'परमिट' आलं. कोणत्या चौकटी वाचायच्या, ते कंट्रोलरने नाव घेऊन सांगायचं. बाकीच्या चौकटी आल्या तरी टाकून द्यायच्या. लारावेलमध्ये मॉडेलवर 'फिलेबल'ची यादी लिहितात, तीही याचसाठी.

तेव्हा नव्याने शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पुढचा कंट्रोलर लिहायच्या आधी एक कागद घ्या. वरच्या भागात लिहा, प्रवाशाने काय भरायचं. खाली लिहा, काय फक्त बाबूंनी भरायचं : दर, सवलत, मालक कोण, परवानगी आहे का. खालचं काहीही रिक्वेस्टमधून घ्यायचं नाही, ते आपल्या नोंदींतून काढायचं. आणि प्रत्येक व्हेरिएबलला पहिली किंमत स्वतःच्या हाताने द्यायची, शून्य असली तरी. मी हे अजून करतो. कागदावर, पेनाने.

चला, भेटू पुढच्या भागात.