तब्येत आणि प्रकृती : नंदुरबारच्या वाटेवरच्या बागा

मराठीत आजारी माणसाची विचारपूस दोन शब्दांनी होते. कुणी विचारतो, "तब्येत कशी आहे?" कुणी विचारतो, "प्रकृती कशी आहे?" पहिला शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने आला, दुसरा संस्कृतातून. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून हे दोन शब्द वर्गात हमखास फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. प्रकृती म्हणजे निसर्ग, आणि प्रकृती म्हणजे शरीराची स्थितीही. अरबी-फारसीत 'तबीअत' म्हणजेसुद्धा निसर्ग, आणि माणसाचा जन्मजात स्वभाव. दोन वेगळ्या घराण्यांतल्या भाषा, पण बाहेरची झाडंपाणी आणि आतलं आरोग्य यांना दोघींनी एकच नाव दिलं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. युनानी वैद्यकाचा पायाच 'तबियत' आहे. रोग बरा करते ती शरीरातली तबियत, हकीम फक्त तिचा मदतनीस, असं ते शास्त्र मानतं. आरोग्यासाठी सहा गोष्टी अटळ मानल्या आहेत : हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, शरीरात काय राहावं आणि काय बाहेर पडावं. यादीत हवा पहिली आहे आणि मनाची विश्रांती शरीराच्या विश्रांतीच्या बरोबरीने बसली आहे. 'हवा खायला जाणं' हा आपला मराठी वाक्प्रचारही उर्दूतल्या 'हवाखोरी'चा सख्खा भाऊ. बाग, बगीचा, हौद, गुलाब, सैर हे शब्दही त्याच वाटेने आपल्याकडे आले आणि इथलेच झाले.

ही वाट नंदुरबारवरूनही गेली आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1342 च्या सुमारास दिल्लीहून सुलतान मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला. दौलताबादहून खंबायतकडे जाताना तो नंदुरबारला थांबला. गाव लहान, वस्ती मराठ्यांची, लोक हुन्नरी कारागीर, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषीही आहेत, असं त्याने नोंदवलं. जेवण भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचं. प्राण्याला इजा करणं या लोकांना आवडत नाही, हेही त्याने लिहून ठेवलं. सातशे वर्षांपूर्वीच्या आपल्या गावाचं हे चित्र आहे, आणि त्यात वैद्यांना जागा आहे.

त्याचा पुढचा मुक्काम तर फारच मोलाचा. त्याने 'सागर' नावाच्या मोठ्या गावाचं वर्णन केलं आहे. बहुतेक अभ्यासक ते नवापूरच्या पलीकडचं, आज गुजरातेत असलेलं सोनगड मानतात. नदीकाठी रहाट, त्यांच्या पाण्यावर आंबा, केळी आणि उसाचे मळे. आणि या बागांत वाटसरूंसाठी खानकाह. जो कुणी खानकाह बांधतो तो तिच्या नावे बाग वक्फ करतो, देखरेख आपल्या मुलाबाळांकडे सोपवतो, आणि वंश उरला नाही तर ती काझीकडे जाते. म्हणजे सावली आणि पाणी कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं, त्याची कायमची तजवीज होती. थकलेल्या परक्या माणसाचा त्या झाडाखाली हक्क होता.

त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, 1610 मध्ये, विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला जाताना नंदुरबारवरून गेला. खानदेश 1601 मध्ये अकबराच्या राज्यात आला होता आणि सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता गजबजलेला होता. फिंचला गावाच्या अलीकडे पुष्कळ मकबरे आणि आरामाच्या हवेल्या दिसल्या. एक किल्ला आणि एक सुंदर तलावही दिसला. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या या मुलखात पाण्याकाठी बांधलेली घरं म्हणजे काय चैन असेल, याची कल्पना नंदुरबारकराला सांगायला नको. पण या हवेल्या ऐपतवाल्यांच्या. त्याच रस्त्यावर पुढे बुऱ्हाणपूरला, तापीच्या पलीकडे, आहुखाना ही बादशाही शिकारबाग होती. 1631 मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी तिथेच दफन केलं होतं. वाटसरूची बाग मागे पडत गेली आणि बाग ही मिरवण्याची गोष्ट होत गेली.

इंग्रजी अमलात हवा खाण्याला डोंगर मिळाले. 1828 मध्ये गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर वसवायला घेतलं. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढला. डॉक्टर साहेबांना आणि मडमांना हवापालट सुचवत आणि पालख्या डोंगर चढत. पालखी खांद्यावर कुणाच्या होती, हे वेगळं सांगायला नको. याच राज्यकर्त्यांनी 1878 चा जंगल कायदा केला. राखीव जंगलात चारणं, तोडणं, कसणं गुन्हा ठरू लागलं. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजासाठी जंगल हे सहलीचं ठिकाण कधीच नव्हतं. ते घर होतं, दवाखाना होता, वाघदेवाचं ठाणं होतं. त्या घरावर त्यांचा हक्क कागदावर मान्य व्हायला 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला. आज आपण यशवंत तलाव पाहायला तोरणमाळला जातो, तेव्हा आपण कुणाच्या तरी अंगणात पाहुणे असतो, एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता विज्ञान काय म्हणतं? 1984 मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या एका इस्पितळातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या पाहणीत दिसलं, की आठवड्यात एकूण 120 मिनिटं तरी हिरवळीत घालवणारे लोक आपली तब्येत चांगली आणि मन समाधानी असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. एकदम दोन तास असोत की रोज थोडा थोडा वेळ, फरक पडत नव्हता. पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण हकिमांची यादी आठवल्याशिवाय राहत नाही.

दोन तास ऐकायला सोपे आहेत. मागे पालकसभेनंतर एका विद्यार्थिनीची आई माझ्याजवळ थांबली. बीपी वाढलेलं, झोप नाही, कारण नसताना रडू येतं. म्हणाली, "आपा, डॉक्टर बोले रोज चलो. चलूँ किधर?" तिच्या घराला लागून घर, गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारसायकली, जवळ मैदान नाही, जे आहे तिथे मुलांचं क्रिकेट. शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर, पण तिच्यासाठी ते महाबळेश्वराइतकंच लांब. तिचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आमच्या मोहल्ल्यांतल्या किती बायका दिवसभरात आकाश फक्त वाळत घातलेल्या कपड्यांच्या वर बघतात! आणि हीच गोष्ट दाट वस्तीतल्या कुठल्याही समाजाच्या बाईला लागू आहे.

म्हणून मला इब्न बतूताचं ते गाव महत्त्वाचं वाटतं. "निसर्गात जा, मन रमवा" हा सल्ला ज्याच्याकडे गाडी आणि सुट्टी आहे त्याला पुरतो. बाकीच्यांसाठी निसर्ग चालत जाता येईल इतका जवळ आणावा लागतो, आणि ते काम एकट्याचं नसतं. झाड लावावं, त्याचं फळ माणसाने, पाखराने, जनावराने खावं आणि लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळावं, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग मशिदीच्या आवारात, मदरशाच्या अंगणात, शाळेच्या कुंपणालगत कडुनिंब, जांभूळ, करंज का नसावेत? वक्फच्या पडीक तुकड्यावर चार बाकं, पाण्याचा नळ आणि सकाळी दोन तास फक्त बायकांसाठी राखीव वेळ, एवढं मागायला कुठला मोठा निधी लागतो? नगरपालिकेकडेही हेच मागावं, सगळ्या वस्त्यांनी मिळून मागावं.

येत्या पावसाळ्यात झाडं लावणारे पुष्कळ भेटतील. फोटोही निघतील. सागरच्या लोकांनी बागेसोबत तिची देखरेख कोण करणार हे ठरवून ठेवलं होतं. आपण रोप लावताना तेवढं एक नाव आधी लिहून ठेवावं : मार्च ते जून पाणी कोण घालणार.