अधिकारविभाजन, रत्नागिरी जिल्ह्यातील

कायदे करणे, ते राबवणे आणि न्यायनिवाडा करणे या राज्याच्या तीन सत्ता एकाच हाती राहू नयेत, या तत्त्वाची जिल्हा व तालुका पातळीवरील व्यवस्था. ही व्यवस्था राज्यघटनेतून येते. अमेरिकेत प्रत्येक घटकराज्याला स्वतःची राज्यघटना असते. भारतात तशी पद्धत नाही. महाराष्ट्राचे राज्यपाल, विधिमंडळ व उच्च न्यायालय यांची रचना भारतीय संविधानाच्या सहाव्या भागातच आहे.  त्या रचनेत मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच येते आणि विधानसभेला जबाबदार असते. त्यामुळे आपल्याकडे खरी भिंत उभी राहिली ती कार्यकारी सत्ता व न्यायसंस्था यांच्यामध्ये. संविधानाच्या अनुच्छेद ५० चा रोख तिच्यावरच आहे. हे काम तीन वर्षांत पुरे करावे, अशी मुदत मूळ प्रस्तावात होती. ती १९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत वगळण्यात आली. प्रस्ताव मांडणारे आणि मुदत काढणारेही डॉ. आंबेडकरच, त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे.

ब्रिटिश अमदानीत मामलेदार (आजचा तहसीलदार) सारा वसूल करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटलेही चालवी. त्याच्या वरचा कलेक्टर हा जिल्हा मॅजिस्ट्रेट. पोलिसांवर अंकुश त्याचा आणि दुय्यम व तृतीय वर्गाच्या मॅजिस्ट्रेटांच्या निकालांवरची अपिलेही त्याच्याकडे. मुंबई राज्याने १९५१ चा तेविसावा अधिनियम करून ही गाठ सोडवली. तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर (जन्म १८८८) रत्नागिरीचेच. अंमल १ जुलै १९५३ पासून झाला. खटले उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखालील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले. कलेक्टर, प्रांत व मामलेदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून उरले. केंद्राच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हीच विभागणी १ एप्रिल १९७४ पासून लागू केली, म्हणजे मुंबई राज्य वीसेक वर्षे पुढे होते.

गाठ सुटली, पण सगळी नाही. शिमग्यात पालखीच्या मानावरून गावकीत तेढ पडली की शांततेच्या हमीचा बाँड आजही तहसीलदार घेतो. लोकांच्या तोंडी ती ‘चॅप्टर केस’. जमावबंदीचा हुकूमही कार्यकारी दंडाधिकाऱ्याचाच. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली आणि शांततेच्या हमीचे कलम १०७ चे १२६, जमावबंदीचे कलम १४४ चे १६३ झाले. कचेरीत मात्र अजून ‘एकशे चव्वेचाळीस’च ऐकू येते.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ तर अद्याप जिवंत आहे. शेजाऱ्याने गडगा घालून बागेची वहिवाटीची वाट अडवली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावता येतो. वादी-प्रतिवादी, साक्षी, स्थळपाहणी, मग अडथळा काढण्याचा हुकूम. निकालावर अपील नाही. फार तर कलेक्टरकडे फेरतपासणी. सकाळी दाखल्यांवर सह्या करणारा अधिकारी दुपारी त्याच खुर्चीत न्यायाधीश होतो. कुळांचे दावेही असेच. १९४८ च्या कूळकायद्याने दिवाणी न्यायालयाला त्यातून बाजूला ठेवले, आणि खोतीच्या या जिल्ह्यात कुळाचा प्रश्न म्हणजे जमिनीचा निम्मा इतिहास. स्वस्त व जवळचा निवाडा हे या सवलतीचे समर्थन. ते पोकळ नाही. वाटेच्या चार हातांसाठी दिवाणी कोर्टात वर्षे घालवणे कुणाला परवडते? पण जमिनीच्या नोंदी ज्या खात्याच्या ताब्यात, त्याच खात्याने त्या जमिनीचा तंटा तोडावा, ही विसंगती राहतेच.

न्यायसंस्थेची स्वतंत्र उतरंड तालुक्याच्या न्यायालयांतून रत्नागिरीच्या जिल्हा व सत्र न्यायालयाकडे जाते. त्यापुढे पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जोडला आहे. पक्षकाराची वाट आता आंबा घाटाने जाते.